ठराव क्रमांक एक, स्लॅबबाबत

शिरसटाकळीच्या सेवा सोसायटीचे गटसचिव शहादेव ओव्हाळ यांच्या घरात स्लॅबचा पहिला तुकडा पडला तो थेट भाकरीच्या पिठात. भिमाबाईंनी नुकतंच पीठ मळायला घेतलं होतं. तळहाताएवढा पोपडा वरून सुटला आणि परातीच्या मधोमध येऊन बसला. भिमाबाईंनी आधी वर पाहिलं, मग परातीत पाहिलं, मग खाटेवर पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"अवो," त्या म्हणाल्या, "चेअरमननं कायतरी पाठवलंय बगा."

शहादेवांनी तुकडा उचलून बोटांत चुरला. एका बाजूला पांढरा रंग, दुसऱ्या बाजूला नुसती वाळू. सिमेंट असं त्यात जवळजवळ नव्हतंच, आणि ते का नव्हतं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. वीस वर्षांपूर्वी सोसायटीचं खताचं गोदाम बांधलं, तेव्हा जे सिमेंट उरलं त्यातून गोदामामागची ही तीन बिऱ्हाडांची ओळ उभी राहिली. ओळ बांधताना जे उरलं त्यातून चेअरमनच्या मळ्यात हौद झाला. गोदाम बरं आहे, हौद तर उत्तम आहे. मधल्या ओळीसाठी मात्र दोन्हीकडून हात आखडता घेतला गेला.

ओळीचे मालक आणि सोसायटीचे चेअरमन एकच, अर्जुनराव. दूध डेअरीचे चेअरमन तेच, मजूर संस्थेचे तेच, पतसंस्थेचेही तेच. यंदा दुष्काळ तिसऱ्या वर्षात गेला आणि माळावर चारा छावणी निघाली, तर तिचेही चेअरमन तेच झाले. छावणीला चेअरमन नसतो असं कुणीतरी म्हणालं होतं, पण गावानं ते मनावर घेतलं नाही.

आता शहादेवांविषयी सांगायला हवं. बावन्न वर्षांचा हा माणूस बारा वर्षं सोसायटीचं दप्तर सांभाळत होता, आणि त्याला आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता. ती म्हणजे त्याचं प्रोसिडिंग. सोसायटीची मासिक सभा दर दहा तारखेला व्हायची, म्हणजे वहीत व्हायची. शहादेव घरी खाटेवर बसून ती सभा लिहून काढायचे. सूचक कोण, अनुमोदक कोण, शंका कुणी काढली, चेअरमननी तिचं निरसन कसं केलं, सगळं तपशीलवार. मग वही बगलेत मारून गावभर सह्या गोळा करायच्या. आपण सभेत काय बोललो हे काही संचालकांना सही करताना ओव्हाळांकडूनच कळायचं, आणि ऐकून ते खूशही व्हायचे. एकदा एक लेखापरीक्षक म्हणाले होते, "ओव्हाळ, तुमच्या सभा खऱ्या सभांपेक्षा बऱ्या." हे वाक्य शहादेवांनी बायकोला निदान चाळीस वेळा सांगितलं असेल. ठरावाचा मजकूर ते विचार करून लिहीत. सभेची पहिली ओळ आणि शेवटची ओळ मात्र त्यांचा हात डोळे मिटूनही लिही.

तर या माणसाच्या पिठात पोपडा पडला. एरवी त्यांनी तो बाहेर टाकून दिला असता आणि बारा वर्षं जसे गप्प राहिले तसेच राहिले असते. गप्प राहण्याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी ते बदलून आले तेव्हा शिरसटाकळीत खोल्या भरपूर रिकाम्या होत्या. प्रत्येक ठिकाणी मालकीण हसून दार उघडायची, चहा ठेवू का विचारायची, मग आडनाव विचारायची, आणि मग तिचा भाचा नेमका त्याच महिन्यात शिकायला यायचा असायचा. अकरा घरं झाली, अकरा भाचे झाले. अर्जुनरावांनी मात्र आडनाव न विचारता किल्ली हातावर ठेवली. आपल्या खोलीत राहणारा सचिव हा आपल्या खिशातला सचिव, हे त्यांना कळत होतं. शहादेवांनाही कळत होतं, पण किल्ली ती किल्लीच.

या वेळी गप्प राहता येत नव्हतं, कारण यशोधरा. त्यांची एकुलती एक लेक, जालन्याला दिलेली. तिला सहावा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आठव्यात येणार. भिमाबाईंनी जुन्या लुगड्यांची सात दुपटी शिवून ठेवली होती, शेजारगावच्या सुताराकडून पाळणा आणून तो पोत्यात गुंडाळून ठेवला होता. पाळणा टांगायची लोखंडी कडी स्लॅबमध्ये आधीपासून होती. पोपडा पडला त्या दुपारी भिमाबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी कडीला धरून नुसता हिसका दिला. कडी हातात आली नाही, पण हलली. आणि वरून चाळणीतून पडावी तशी वाळू पडत राहिली.

भिमाबाई खाली उतरल्या. "माजं नातवंड ह्या कडीला टांगायचं व्हय?" एवढंच म्हणाल्या. शहादेवांनी टोपी घातली आणि छावणीची वाट धरली.

छावणीत अर्जुनराव उसाच्या वाढ्यांचा ट्रक मोजून घेत होते.

"साहेब, घराचा स्लॅब पडाय लागलाय."

"गळतंय का?"

"गळत न्हाई. पाऊसच न्हाई तर गळंल कसं?"

"मग झालं तर!" अर्जुनराव प्रसन्न झाले. "गळत न्हाई त्या स्लॅबला दुरुस्त काय करायचं, सचिव? पाऊस पडू द्या, गळू द्या, कुठं गळतंय ते बगू, मग करू. अन आत्ता कराय घेतलं तर स्लॅबला पंधरा दिस पाणी मारावं लागतं. मानसाला बारा दिसांनी टँकर येतोय. मानसाच्या तोंडचं काढून तुमच्या स्लॅबला पाजू का?"

युक्तिवाद इतका बांधेसूद होता की शहादेवांना तो ऐकता ऐकताच वहीत उतरलेला दिसला: 'यावर मा. अध्यक्षांनी समर्पक खुलासा केला.' ते मान डोलवून परत निघाले. छावणीच्या फाटकाशी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पाऊस नाही म्हणून दुरुस्ती नाही, आणि पाऊस आला तर दुरुस्ती करायला स्लॅब नाही. ते पुन्हा आत गेले. अर्जुनराव म्हणाले, "अर्ज द्या की लेखी. सोसायटीत द्या, माजं टपाल तिथंच येतं."

सोसायटीत टपाल घेणारा माणूस एकच होता. शहादेवांनी अर्ज लिहिला, स्वतःच स्वीकारला, शिक्का मारून आवक क्रमांक टाकला आणि स्वतःला पोच दिली. आठ दिवसांनी त्यांनी स्वतःला स्मरणपत्र पाठवलं. चेअरमननी दोन्ही कागद पाहिले आणि म्हणाले, "उत्तर द्या त्येन्ला, विचाराधीन हाय म्हणून." शहादेवांनी शहादेव ओव्हाळ, भाडेकरू, यांना कळवलं, की आपला अर्ज विचाराधीन असून निधीच्या उपलब्धतेनुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. निधीचं चेअरमन बोलले नव्हते, पण त्याशिवाय पत्र अपुरं वाटत होतं. टपाल घरी नेऊन त्यांनी भिमाबाईंना वाचून दाखवलं.

"अक्षर झ्याक हाय," भिमाबाई म्हणाल्या. "कुणाचं हाय?"

यानंतर शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. ओळीत डाव्या हाताला बद्रीनाथ राहायचा. औषधाच्या दुकानात गोळ्या मोजून मोजून तो निम्मा डॉक्टर झाला होता. त्यानं कंबरेवर हात ठेवून स्लॅबची तपासणी केली, बोटानं दोन ठिकाणी ठोकून पाहिलं आणि निदान केलं, "ओव्हाळभाऊ, सळया गंजल्यात. आता हे मलमपट्टीवर भागत न्हाई. ऑपरेशनच." उजव्या हाताला जानकीबाई. त्या बँकेतल्या आणि शाळेतल्या एकट्या माणसांसाठी खानावळ चालवायच्या. त्यांचं म्हणणं निराळं होतं. "मी तर टोपलं डोक्यावर घेऊनच फोडणी टाकते, भाऊ. सवय होती मानसाला. मालकाशी वाकडं घेऊन जायचं कुठं?"

शहादेवांनी छावणीतून जुनी ताडपत्री मागून आणली. ती कुठं बांधायची यावर नवरा-बायकोत सकाळभर वाद झाला. ताडपत्री एक आणि घरात झाकायच्या गोष्टी तीन: खाट, चूल आणि पाण्याची टाकी. शेवटी ती टाकीवर बांधली. टँकर बारा दिवसांनी येतो. डोक्याला खोक पडली तर टाके घालता येतात, टाकीत पोपडा पडला तर बारा दिवस वाळू प्यायची. दुष्काळात माणसाला हिशेब आपोआप जमतो.

तिसऱ्या दिवशी पोपडा पडला तो भिमाबाईंच्या खांद्यावर. पिठातला तळहाताएवढा होता, हा ताटाएवढा. हाड मोडलं नाही, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. आठ दिवस शहादेवांनी भाकरी थापली. त्या भाकरीविषयी न बोललेलं बरं. भिमाबाई डाव्या हातानं ती मोडायच्या आणि काही न बोलता खायच्या, आणि शहादेवांना त्यांचं ते न बोलणं पोपड्यापेक्षा जास्त लागायचं. पहिल्यांदाच त्यांना चेअरमनचा राग आला. असा राग आपल्याला येऊ शकतो हे पाहून ते स्वतःच थोडे घाबरले.

वडवणीच्या बाजाराच्या दिवशी ते आणि बद्रीनाथ एसटीनं वडवणीला गेले. तिथं सुंदरराव वकील बसायचे. वकिलांनी सगळं ऐकलं, खिडकीतून बाजाराकडे पाहत दात कोरले आणि कायदा सांगितला.

"सोपं हाय. मालकाला लेखी नोटीस द्यायची, पंधरा दिवसांची. त्येनं दुरुस्ती केली तर चांगलंच. न्हाई केली तर तुमी करायची अन खर्च भाड्यातून वळता करून घ्यायचा. वर्साच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत कायदा परवानगी देतो. एकट्यानं दिली तर तुमाला एकट्याला धरतील. तिघं भाडेकरू मिळून द्या. बैठक घ्या, ठराव करा, नोटिशीला ठरावाची नक्कल जोडा."

'ठराव' हा शब्द ऐकताच शहादेव खुर्चीत ताठ बसले. इतका वेळ दुसऱ्याच्या आखाड्यात होते, आता आपल्या आखाड्यात आले. तिघांची चौथाई एकत्र केली तर सगळा स्लॅब नाही, पण पाळण्याच्या कडीभोवतीचा तरी नीट होईल, एवढं गणित त्यांनी परतीच्या एसटीत उभ्या उभ्याच केलं.

रविवारी सकाळी जानकीबाईंच्या ओट्यावर सभा भरली. शहादेवांच्या बारा वर्षांच्या कारकिर्दीतली ही पहिली सभा, जिला माणसं खरोखर हजर होती. त्यांना त्याचा फार त्रास झाला. वहीतले सभासद एका वेळी एक बोलत, सुचवत, अनुमोदन देत. इथं तिघं एकदम बोलत होते आणि विषय भलतीकडेच जात होता. जानकीबाईंनी टँकरवाल्याचा विषय काढला, बद्रीनाथनं टँकरवाल्याच्या बायकोच्या बीपीचा. अर्ध्या तासानं शहादेवांनी पेन आपटून विचारलं, "स्लॅबचं काय लिहू?"

"कडक लिवा," बद्रीनाथ म्हणाला. "मिळमिळीत लिवलं की मालक मिळमिळीत घेतो. लिवा, इमारत मानसाला राहायच्या लायकीची न्हाई म्हणून."

"जिवाला धोका हाय म्हणून लिवा," खांदा चोळत भिमाबाई म्हणाल्या.

जानकीबाईंनी पाठ भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "लिवा बापा. माज्या टोपल्याला बी आता तडा गेलाय."

शहादेवांनी लिहिलं. 'सदर इमारत मानवी वस्तीस पूर्णतः अयोग्य व रहिवाशांच्या जीवितास गंभीर धोका निर्माण करणारी असून त्याबाबत तातडीने कार्यवाही होणे अत्यावश्यक आहे, असे ही सभा एकमताने ठरविते.' मग त्यांनी वाक्य मोठ्यानं वाचलं. आपण एवढ्या भयंकर घरात राहतो हे तिघांनाही नव्यानंच कळलं. दुपारी घरी बसून शहादेवांनी ठरावाची सुवाच्य प्रत केली. समास आखला, शीर्षकाखाली दोन रेघा ओढल्या. सह्या घेताना जानकीबाई म्हणाल्या, "वाचून तर दावा सगळं."

"मधलं ऐकलंच की तुमी," शहादेव म्हणाले. "वरचं अन खालचं ठराविक असतं."

सह्या झाल्या. नोटीस आणि ठरावाची नक्कल पोचपावतीच्या टपालानं गेली. पाकीट पेटीत टाकून न देता त्यांनी पोस्टमास्तरच्या हातात दिलं आणि तो शिक्का मारेपर्यंत समोर उभे राहिले. त्या दिवशी घरी येताना ते गावातून उगाच लांबच्या वाटेनं आले.

पुढचे पंधरा दिवस चेअरमन कसे वागतात याकडे सगळी ओळ डोळे लावून बसली होती. चेअरमन रागावले नाहीत. उलट सोसायटीत आले की शहादेवांच्या पाठीवर हात ठेवायचे. "ओव्हाळ, नोटीस पोचली बरं का. काय अक्षर! काय मुद्दे! मी तर दोनदा वाचली." शहादेवांना वाटलं, कायदा म्हणजे कायदाच. सातव्या दिवशी नगरपंचायतीचा एक माणूस टेप घेऊन आला, त्यानं ओळीचं मोजमाप घेतलं, सळयांचे फोटो काढले. जानकीबाईंनी त्याला चहा दिला, दुधाचा. दहाव्या दिवशी मजूर संस्थेचा ट्रॅक्टर विटा टाकून गेला. भिमाबाईंनी एका हातानं विटांवर पाणी शिंपडलं, चूळ भरायचं पाणी वाचवून. संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन केला. "ये माय, बाबांनी घराचं काम काढलंय. तुजा पाळना आता नव्या स्लॅबला." त्या इतकं हसून बोलल्या की शहादेवांना बाहेर ओट्यावर जाऊन बसावं लागलं.

सोळाव्या दिवशी सकाळी ओळीच्या तिन्ही दारांवर नगरपंचायतीचा कागद चिकटवलेला होता. इमारत धोकादायक असल्याने सात दिवसांत रिकामी करावी, अन्यथा बळाचा वापर करून रिकामी करण्यात येईल. शहादेवांनी आयुष्यभर असल्या कागदांत मजकुराआधी संदर्भ पाहिला होता, कारण खरी गोष्ट तिथंच असते. त्यांनी संदर्भ वाचला. 'संदर्भ: भाडेकरूंच्या सभेचा ठराव क्रमांक १, सर्वानुमते मंजूर.'

ते टोपी न घालताच छावणीवर गेले.

"साहेब, हे काय? आमी दुरुस्ती मागितली."

"तुमी कसली? आपण मागितली," अर्जुनराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, ममता होती. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि शहादेवांपुढे धरला. शहादेवांचं स्वतःचं अक्षर, समास आखलेला, शीर्षकाखाली दोन रेघा. पहिली ओळ अशी होती: 'सभेच्या अध्यक्षस्थानी मा. श्री. अर्जुनराव चेअरमन हे होते.' आणि सह्यांच्या वरची शेवटची ओळ अशी: 'सदर ठरावाच्या अंमलबजावणीचे सर्व अधिकार मा. अध्यक्षांना देण्यात येत आहेत.'

बारा वर्षं, दर महिन्याला, हाताला जे वळण पडलं होतं ते हातानं इमानानं पाळलं होतं.

"सभेला मला बोलवाय इसरले, ते जाऊ द्या," अर्जुनराव म्हणाले. "मला कुठल्याच सभेला कुणी बोलवत न्हाई. पर तुमी लिवलं म्हंजी मी होतोच. मानवी वस्तीस अयोग्य म्हनलंत, जीवितास धोका म्हनलंत. मग अध्यक्ष म्हणून माजं कर्तव्य काय? मानसं मरू द्यायची? रिकामी करून घेतो. पाडू, मग तितं गाळे काढू. रस्त्याला लागून जागा हाय."

शहादेव वाळूत पाय रुतावा तसे तिथंच उभे राहिले. चूक झाली हे म्हणणं सोपं होतं, पण 'ओव्हाळांच्या प्रोसिडिंगात चूक नसते' हे सबंध तालुक्याला त्यांनीच सांगितलं होतं.

वडवणीला सुंदरराव वकिलांनी नक्कल दोन वेळा वाचली, चष्मा काढला आणि हसू आवरत नाही म्हणून पाणी प्यायले. "कायदा तुमच्या बाजूला बसला होता की ओ. तुमीच त्येला उठवून पल्याड बसवलं." मग ते थोडे गंभीर झाले. "बगा, दुरुस्तीला म्हणून काढलं तर परत जागा मागता येती. ठराव चुकून लिवला असं बी कोर्टाला सांगता येईल. पर दावा लावावा लागंल. निकाल लागेस्तोवर तुमच्या नातवाला मिसरूड फुटंल."

सात दिवस. जानकीबाई घाटनांदूरला भाचीकडे जायला निघाल्या. जाताना त्या तडा गेलेलं टोपलं शहादेवांच्या दारात ठेवून गेल्या. ते टोमणा म्हणून ठेवलं की उपयोगाला, हे शहादेवांना अजून कळलेलं नाही. बद्रीनाथला दुसऱ्याच दिवशी बाजारपेठेत खोली मिळाली. "ओव्हाळभाऊ, तुमच्यासाठी बी विचारतो तितं," असं तो म्हणाला. आणि त्यानं विचारलंही असावं, कारण त्यानंतर तो शहादेव दिसले की रस्ता बदलायला लागला.

शहादेव स्वतः फिरले. बारा वर्षांत गाव वाढलं होतं, नव्या खोल्या झाल्या होत्या, मालकिणी नव्या होत्या. "सचिवसाहेब का? या की, बसा," म्हणून ओट्यावर घ्यायच्या. दुष्काळातही पाण्याचा तांब्या पुढे यायचा. मग गाव विचारायच्या, मग आडनाव. बारा वर्षांपूर्वी भाचे शिकायला यायचे, आता ते नोकरीला येत होते, एवढाच काय तो फरक. सहाव्या घरी एक म्हातारी प्रामाणिक निघाली. "बापा, मला काय न्हाई त्याचं," ती म्हणाली, "पर सुना ऐकत न्हाईत." शहादेवांनी तिला नमस्कार केला. प्रामाणिक नकार निदान लवकर संपतो.

सातव्या दिवशी अर्जुनराव स्वतः आले. "सचिव, मी काय परका हाय का? गोदाम रिकामंच हाय. दुष्काळात खत कुणी उचलत न्हाई. तितं राहा चार महिने. भाडं तेवढंच ठेवू, जास्तीचं मागत न्हाई." मजूर संस्थेच्याच लोकांनी सामान हलवलं. गोदामात उरलेली छावणीच्या पेंडीची पोती मधे येत होती. ती कुठं ठेवायची? रिकाम्या झालेल्या ओळीत ठेवली. ज्या खोलीत माणसांच्या जीविताला गंभीर धोका होता तिथं आता एकशे दहा पोती पेंड छताला टेकून उभी राहिली, आणि पोत्यांच्या जागी ओव्हाळांचा संसार. गुरांच्या खाण्याला पक्कं छप्पर मिळालं, त्यात वाईट काही नाही. चूक असेल तर ती ठरावातलीच, त्यात पेंडीचा उल्लेख नव्हता.

गोदामाला पत्रे होते. दुपारी तीन वाजता आत उभं राहिलं की युरियाच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. भिंतीत खिडकी नव्हती, मोरी नव्हती. बाहेर गेल्याशिवाय आंघोळ नव्हती, आणि बाहेर छावणीला जायचा रस्ता होता. भिमाबाईंनी पाळणा पोत्यासकट कोपऱ्यात ठेवला, दुपट्यांचं गाठोडं त्यात ठेवलं आणि वर पाहिलं. पत्र्याला कडी नव्हती. आणि असती तरी त्या पत्र्याखाली पाळण्यातलं मूल दुपारपर्यंत टिकलं नसतं. हे त्यांना दिसत होतं, शहादेवांनाही दिसत होतं. यशोधराचा फोन सकाळपासून दोनदा येऊन गेला होता. सोमवारी जावई तिला घेऊन निघणार होते.

"अवो," भिमाबाई म्हणाल्या, "वही काडा तुमची."

"कावून?"

"काडा. सभा हाय."

शहादेवांना वाटलं, ही आता तोंड सोडणार. सोडायला हवंच होतं, त्यांना ते हवंच होतं. त्यांनी वही काढली, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर ठेवली.

"लिवा. अध्यक्षस्थानी भिमाबाई शहादेव ओव्हाळ."

त्यांनी लिहिलं. समास सुटला नाही.

"ठराव एक. लेकीला बाळंतपणाला येऊ न्हाई म्हणून सांगावं. सूचक, आई." त्या थांबल्या. त्यांचा उजवा हात अजून वर जात नव्हता. डाव्या हातानं त्या डोळे पुसत होत्या, पदरानं नाही, नुसत्या हातानं, कारण पदर युरियानं चरचरत होता. "अनुमोदक कोन हाय?"

शहादेवांनी पेन टेकवलं, पुन्हा उचललं. बारा वर्षांत कुठल्याही ठरावाला अनुमोदक मिळायला त्यांना एवढा वेळ लागला नव्हता. मग त्यांनी 'अनुमोदक' लिहिलं, त्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर' लिहिलं. आणि हात थांबला नाही. तो आपला सवयीनं पुढे गेला आणि त्यानं शेवटची ओळही लिहून टाकली: 'सदर ठरावाच्या अंमलबजावणीचे सर्व अधिकार मा. अध्यक्षांना देण्यात येत आहेत.'

भिमाबाईंनी ती ओळ वाचली. त्यांना वाचता यायचं, हळूहळू, बोट ठेवून. वाचून झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. लेकीला हे सांगायचं आपल्या वाट्याला आलं नाही म्हणून आपल्याला सुटल्यासारखं वाटलं, याची शहादेवांना त्या क्षणी जी लाज वाटली ती पुढे कधी गेली नाही.

त्यांनी फोन लावून बायकोच्या हातात दिला.

"यशू? जय भीम, माय. जेवलीस का?" भिमाबाईंचा आवाज अगदी नेहमीचा होता. "ऐक. सोमवारी नको निगूस. अगं, तसं काय न्हाई, आमी दोगं बरी हाओत. बाबांनी घराचं काम काढलंय न्हवं का, ते लई मोठं निगालं. सगळं उघडंच हाय. बाळंतपण तितंच होऊ दे, सासूला मी सांगते... न्हाई, पाळना हाय की, इतंच हाय, नीट झाकून ठेवलाय. तुजे बाबा?" त्यांनी वहीवर वाकलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "हाईत. लिवत बसलेत."